कात्रजचा घाट आणि कात्रजचं पाणी

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

 

आजचा भाग थोडासा माफीनाम्यासारखा आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं आणि हातात कंदील घेऊन मी चाळीस माणसांसमोर उभा राहिलो आणि धडधडीत खोटं बोललो. टाळ्याही घेतल्या. त्या टाळ्यांचं पुढे काय झालं, ते आज सांगतो.

पण सुरुवात पुण्यात झाली नाही. ती झाली स्कॉटलंडमध्ये.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे हे आपल्या जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. दीड वर्षापूर्वी कंपनीने तीन महिन्यांसाठी एडिंबराला पाठवलं होतं. शनिवार-रविवार मोकळे, थंडी मरणाची, आणि शहरात सगळीकडे एकच जाहिरात: जमिनीखालचं शहर बघा. तिथे रॉयल माईल नावाचा मुख्य रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर महापालिकेची मोठी दगडी इमारत आहे. तिच्या पोटात 'मेरी किंग्ज क्लोज' म्हणून एक जुना बोळ आहे. क्लोज म्हणजे आपल्या पेठेतला बोळच. अरुंद, उताराचा, दोन्ही बाजूंना उंच घरं. १७५३ साली वरच्या इमारतीचं काम काढलं, तेव्हा या घरांचे वरचे मजले पाडले आणि खालचे मजले पाया म्हणून तसेच ठेवले. त्यामुळे बोळ गेला जमिनीखाली. २००३ पासून तिथे तिकीट लावून सहली चालतात.

गंमत अशी, की तिथला गाईड हा गाईड नसतोच. तो सतराव्या शतकातला माणूस असतो. आम्हाला नेणारी मुलगी मोलकरणीच्या वेशात होती आणि तासभर तिने आपलं सोंग सोडलं नाही. १६४५ च्या प्लेगबद्दल ती अशी बोलत होती, जणू परवाच शेजारच्या घरात कोणी गेलंय. एका खोलीत बाहुल्यांचा ढीग आहे. ॲनी नावाच्या एका लहान मुलीचं भूत तिथे असल्याची गोष्ट पसरली आणि जगभरातले लोक तिच्यासाठी बाहुल्या ठेवून जातात. मी पण क्षणभर मागे वळून बघितलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हा कानाआड केली. ती म्हणाली, या बोळाबद्दल अशी दंतकथा आहे की प्लेगच्या वेळी माणसांना आत कोंडून दोन्ही तोंडं भिंत घालून बंद केली. ते खरं नाही. आजारी घरांच्या खिडकीला पांढरं फडकं लावायचे आणि शहराकडून त्यांना अन्न आणि कोळसा पोचवला जायचा. म्हणजे तासभर नाटक करूनही जिथे खरं सांगायची वेळ आली, तिथे तिने खरं सांगितलं. मी तिथून नाटक तेवढं उचललं.

पुण्यात परत आलो. नोव्हेंबरमध्ये जागतिक वारसा सप्ताह असतो, १९ ते २५. ऑफिसमध्ये मेल आला, काहीतरी उपक्रम सुचवा. मी कॉलेजमध्ये पुरुषोत्तम करंडकला बॅकस्टेज केलेला माणूस. किडा वळवळला. म्हटलं, एडिंबरासारखी नाट्यमय सहल आपण पुण्यात करू! भुयार आहेच की आपल्याकडे.

आता 'कात्रजचं भुयार' म्हटल्यावर अर्ध्या टीमला वाटलं, साताऱ्याला जाताना लागतो तो घाटातला बोगदा. तो नव्हे. मी म्हणत होतो पेशव्यांच्या कात्रजच्या नळाबद्दल. यावर जरा थांबतो, कारण ही वस्तूच भारी आहे.

१७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्यावर बांध घालून पाणी अडवलं. आज प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला जो तलाव दिसतो, तो त्यातलाच. तिथून शनिवारवाड्यापर्यंत आठ-दहा किलोमीटर जमिनीखालून दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला नळ आणला. नळ म्हणजे पाईप समजू नका. साधारण अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच असा बंदिस्त मार्ग. माणूस आत उभा राहू शकतो. पंप नाही, मोटर नाही. कात्रज उंचावर, शहर सखल, आणि मधला उतार असा साधलेला की पाणी आपल्या वजनाने चालत येतं. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडणार, कमी झाला तर गाळ बसणार. आठ-दहा किलोमीटर हे सांभाळायचं, तेही अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या हत्यारांनी.

आणि वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास. काय सुंदर शब्द आहे! जमिनीवर बघाल तर दगडी बुरुजासारखं छोटं बांधकाम. आतली कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते. खाली थोडी खोलगट जागा असते, त्यात गाळ बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी पुढे जातं. गाळ काढायला माणूस तिथूनच उतरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर दर थोड्या अंतरावर सिस्टीम उघडून बघायची सोय. आम्ही नवीन कोड लिहिताना हे विसरतो आणि मग रात्री दोनला फोन येतात.

शहरात पोचल्यावर पाणी हौदांमध्ये वाटलं जायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. कसब्यात साततोटी म्हणतो ना आपण, ते सात तोट्यांच्या हौदाचं नाव. आज तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना तोटी म्हणजे काय हे माहीत असेल, देव जाणे. कात्रजचं पाहून पुढे इतरांनीही असे नळ आणले. नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावहून आणला, रास्त्यांनी कोंढव्याहून.

एवढं सगळं खरं हाताशी होतं. आणि मी काय केलं? स्क्रिप्ट लिहिताना मला वाटलं, पाण्यात ड्रामा नाही. उतार, गाळ, चुना... लोक मोबाईल काढून बसतील. मग मी आपल्या सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं ते घातलं. शनिवारवाड्यातून पर्वतीपर्यंत गुप्त भुयार, शत्रू आला की पेशवे घोड्यावर बसून पसार. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तो तर खराच आहे. पण त्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक अमावास्येला या भुयारातून अजून ऐकू येते, हे मी माझ्या पदरचं जोडलं. आमच्या टीममधला एक जण चांगला नट आहे. त्याने शनिवारवाड्याच्या तटाखाली ती हाक अशी काही मारली की दोन मुलं रडली. मी खूश!

अहो, अडीच फूट रुंदीच्या नळातून घोडा कसा जाईल? दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, त्यात खाली पाणी. बी. टेक. झालेल्या माणसाला हे कळू नये? कळत होतं. पण टाळ्या घोड्याला होत्या.

आपल्याकडे कात्रजचा घाट दाखवणे असा वाक्प्रचार आहे. शाहिस्तेखानावर छापा घातल्यावर मावळ्यांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावत गेली, अशी ती गोष्ट. मी तेच केलं. लोक पलित्यांमागे धावले आणि पाणी राहिलं बाजूला.

सहल फडके हौद चौकात संपणार होती. तिथे नाश्त्याचा टेम्पो आला. टेम्पोबरोबर आमच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी आल्या होत्या, पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवायला. माझं शेवटचं भाषण त्या बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. इथे हौद होता, पुणेकर इथे पाणी भरायचे, वगैरे वगैरे. सगळे मिसळीकडे वळले, तेव्हा त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एक विचारू का? पुणेकर म्हंजी कोण कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"न्हाई, माझी आज्जी सांगायची, गावात आडावर आम्हाला हात लावू देत नव्हते. कुणीतरी यायची वाट बघत बसायचं. हितल्या हौदावर कसं होतं? आमची लोकं भरत होती का पाणी?"

मंडळी, मी चाळीस मिनिटं न अडखळता बोललो होतो. आणि तिथे मी काय उत्तर दिलं माहितीये? "चेक करून सांगतो, मावशी." सकाळच्या मीटिंगला मॅनेजरला देतो ना, तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, "सांगा सावकाश," आणि खोके उचलायला गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही नाही. लागली. पण सोमवारी त्या डेस्कपाशी आल्या आणि नेहमीसारखं "दादा, पाय वर घ्या" म्हणाल्या, तेव्हा मात्र मान वर करवेना.

मग चेक करायला लागलो. आणि सुरुवात घरापासून केली, कारण घरात आजी आहे. वय ८३. लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या वाड्यात आली, ती १९६१ सालीच. आणि त्याच वर्षी १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. त्या पुराच्या गोष्टी आमच्याकडे हजार वेळा झाल्यात. कुठपर्यंत पाणी चढलं, कोणाचं काय वाहून गेलं. पण पूर ओसरल्यावर प्यायला पाणी कुठून आणलंत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. धरण गेलं म्हणजे नळाचं पाणी गेलं.

आजी म्हणाली, "विहिरी होत्या, आड होते, जुने हौद होते. आपल्या वाड्यात आड होता ना! रस्त्यावरची माणसं घागरी घेऊन यायची. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत कोणाला नाही म्हणायचं नाही. मी रहाटाने शेंदून शेंदून हाताला फोड आणले होते."

मी म्हटलं, "सगळ्यांना दिलंत?"

"सगळ्यांना." मग जरा थांबून म्हणाली, "काहींना पोहरा हातात द्यायचे, ती आपली आपण शेंदून घ्यायची. काहींना मी वरून ओतायचे."

"वरून म्हणजे?"

"म्हणजे काय, घागर खाली ठेवायला सांगायची आणि वरून धार धरायची. शिवायचं नाही."

"तुला कोणी सांगितलं होतं तसं?"

"सांगायला कशाला लागतंय? ठाऊक असायचं."

ती हे लपवून बोलत नव्हती आणि कौतुकानेही नाही. भाजी निवडता निवडता सांगत होती. घटनेने अस्पृश्यता रद्द करून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पूर सगळ्यांच्या घरात सारखाच शिरला होता. आणि माझी आजी, जिने मला भरवून मोठं केलं, ती एकोणीस वर्षांची मुलगी आडाच्या कट्ट्यावर उभी राहून माणसं बघून ठरवत होती, कोणाला पोहरा आणि कोणाला धार.

१९६१ ला हे, तर पेशवाईत काय असेल, हे समजायला मला दप्तरखान्यात जायची गरज राहिली नाही. आणि कायद्याचा रस्ता बघा किती लांबचा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात आला १९२३ साली. ठराव होऊनही महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला बाबासाहेबांना १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

आणि पुण्यात? पुण्यात एक हौद असा आहे, ज्याला तारीख आहे. गंज पेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शाळेत हे वाक्य रिकाम्या जागा भरा मध्ये आलेलं असतं, एका मार्काला. पण कात्रजचा नळ, हे हौद, त्या तोट्या सगळं डोक्यात ठेवून त्या वाक्याकडे पुन्हा बघा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच शहराखाली एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली होती. शनिवारवाड्यात हजारी कारंजं उडायचं. पाणी शहरापर्यंत आणण्याचं अवघड काम करून झालं होतं. राहिलं होतं फक्त हौदापासून माणसाच्या ओंजळीपर्यंतचं अंतर, जास्तीत जास्त हातभर. त्याला ना उतार लागत होता ना चुना. आणि ते अंतर कापायला पुण्याला १८६८ उजाडावं लागलं, तेही एका घरापुरतं.

अजून एक गोष्ट सापडली. जोतीराव कंत्राटदारीही करायचे. त्यांच्या कंपनीच्या कामांमध्ये नाव येतं कशाचं? कात्रजच्या बोगद्याचं. म्हणजे माझ्या टीमला आधी आठवलेला तोच घाटातला बोगदा! मी त्यांना हसलो होतो.

आता भुयारांबद्दल एक सांगतो. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली बांधीव भुयार लागलं होतं, आठवतंय? दोन दिवस व्हॉट्सअॅपवर खजिने, गुप्त वाटा, काय काय फिरत होतं. जाणकारांनी बघून सांगितलं, पाण्याचा जुना मार्ग आहे. झालं, लोकांचा रस संपला. आपल्याला भुयारातून कोणीतरी पळालेलं हवं असतं. कोणीतरी पाणी प्यायलेलं चालत नाही.

तर मी दुसरी सहल केली, फेब्रुवारीत, एका रविवारी. कंपनीची नाही, स्वतःची. अकरा जण आले. नाटक ठेवलं, कारण नाटकाने माणूस ऐकतो हे एडिंबराला शिकलो होतो आणि त्यात काही चूक नाही. पण आमचा नट या वेळी पेशवा झाला नाही. तो झाला उच्छ्वासातून खाली उतरून गाळ उपसणारा माणूस. नाव नसलेला. कमरेइतक्या पाण्यात, अंधारात, डोक्यावर पाटी. वर आल्यावर तो म्हणतो, "पाणी सुरू झालं. आता मी भरू का?" आणि उत्तर न मिळता तो प्रसंग तिथेच संपतो. उत्तर मी लिहिलं नाही, कारण आता मला माझ्या पदरचं काही जोडायचं नव्हतं.

शेवटचा थांबा फुले वाडा. मावशींना मी स्वतः जाऊन सांगितलं होतं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट मिळालंय, रविवारी या. त्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावीला आहे. मी १८६८ चं सांगितलं, फडके हौदावर मी काय बोललो होतो आणि काय बोललो नव्हतो तेही सांगितलं, आणि सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली. त्या अवघडल्या. म्हणाल्या, "माफी कशाला दादा, मी सहज विचारलं होतं." मग कठड्यापाशी गेल्या, वाकून आत बघितलं आणि मुलीला म्हणाल्या, "काढ गं माझा फोटो." बस, एवढंच.

आणि आजीचं? तिची गोष्ट मी त्या सहलीत सांगितली नाही. धीर झाला नाही. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तिला विचारलं, "आजी, ते आडाचं, वरून ओतायचं, सांगू का लोकांना?" मला वाटलं, रागावेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घोड्याचं खोटं सांगितलंस ना सगळ्यांना? मग हे खरं आहे तर सांग." आणि थोड्या वेळाने, "त्यातल्या एका बाईचं तोंड आठवतं मला अजून. कडेवर मूल होतं तिच्या."

तर सांगितलं.

तुम्हाला हा मार्ग बघायचा असेल तर सुरुवात कात्रजच्या तलावापासून करा. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं बघा. सातारा रस्त्याच्या आसपास शहराकडे येताना कुठे जुना उच्छ्वास उभा दिसला, तर थांबून हात लावा. पेठांमध्ये हौदांची नावं शोधा, बरेचसे हौद गेलेत, नावं राहिलीत. आणि शेवटी गंज पेठेत, आता जिला महात्मा फुले पेठ म्हणतात, तिथे जा. शनिवारवाड्यापासून चालत अर्धा तास धरा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर पाणी कुठून आणायचात हे विचारा. मग कोणाला कसं द्यायचात, हेही विचारा. दुसरा प्रश्न आपण विचारत नाही.

 तुमच्या पेठेतल्या, गावातल्या आडा-हौदांच्या गोष्टी मला जरूर कळवा, पुढच्या भागात घेऊ. फक्त त्यात घोडा नको.

भेटू लवकरच. तोपर्यंत काळजी घ्या.